गुस्ताव माहलर: दीड तासाच्या श्रवणसत्रात चरित्र आणि रचना कशा बसवाव्यात?

सूरपेटी

नमस्कार. आमच्या श्रवणमंडळाच्या पुढच्या सत्रासाठी संगीतकार आणि कंडक्टर (वाद्यवृंद चालवणारा) अशा दोन्ही भूमिका निभावलेला एक माणूस निवडायचा होता. गुस्ताव माहलरवर एकमत झालंय. वेळ दीड तास. श्रोते तीस-पस्तीस, बहुतेक ख्याल ऐकणारे, पाश्चात्त्य संगीताचा कान फारसा नसलेले. साधनं म्हणजे लॅपटॉप, अँप्लिफायर आणि दोन स्पीकर.

चरित्रं नेटवर भरपूर आहेत, पण त्यात नोंदलेलं किती आणि रचलेलं किती हे नव्या माणसाला कळत नाही. म्हणून जाणकारांना विचारतोय: ऑपेराची (पाश्चात्त्य संगीतनाटकाची) पूर्णवेळ नोकरी सांभाळून त्याने इतक्या मोठ्या सिम्फन्या (वाद्यवृंदासाठीच्या दीर्घ रचना) लिहिल्या कधी आणि कशा? दोन कामांचा एकमेकांवर परिणाम दिसतो का, आणि तो ऐकवता येईल का? पूर्ण सिम्फनी लावणं शक्य नाही, तर कुठले तुकडे घ्यावेत? आणि अशा सत्रात हमखास काय बिघडतं?

पूर्वरंग

सत्राचा कणा म्हणून एकच गोष्ट धरा: माहलरचा पोटापाण्याचा उद्योग कंडक्टरचा होता आणि रचना उन्हाळ्याच्या सुट्टीत व्हायची. त्याच्या स्कोअरमधल्या (सगळ्या वाद्यांच्या लिखित स्वरलिपीतल्या) बारीकसारीक सूचना, नाट्यगृहातून आलेल्या युक्त्या, प्रत्येक प्रयोगानंतर केलेले बदल, हे सगळं त्यातून समजतं.

जन्म 7 जुलै 1860, बोहेमियातल्या कालिश्त गावी. त्याच वर्षी कुटुंब इग्लाऊला गेलं (आजचं चेक प्रजासत्ताकातलं यिहलावा). वडिलांचा दारू गाळण्याचा आणि गुत्त्याचा धंदा होता. गावात लष्करी छावणी, त्यामुळे बिगुल, मार्चिंग बँड आणि लोकगीतं लहानपणापासून कानावर. सिम्फनीत मध्येच कूच सुरू होते किंवा दुरून ट्रम्पेट ऐकू येतो त्याचं मूळ इथे आहे. पंधराव्या वर्षी, 1875 मध्ये, तो व्हिएन्नाच्या कॉन्झर्व्हेटरीत दाखल झाला आणि 1878 मध्ये बाहेर पडला. पहिली मोठी रचना 1880 ची, एकल गायक, कोरस (गायकांचा समूह) आणि वाद्यवृंदासाठी. ती बेथोव्हेन पारितोषिकासाठी पाठवली, बक्षीस मिळालं नाही.

नोकऱ्यांचा क्रम फळ्यावर लिहून ठेवा, श्रोत्यांना आधार होतो: 1880 च्या उन्हाळ्यात बाड हाल, 1881-82 लायबाख (आजचं लुब्लियाना), 1883 ओल्म्युत्स, 1883-85 कासल, 1885-86 प्राग, 1886-88 लाइपझिग, 1888-91 बुडापेस्ट, 1891-97 हॅम्बुर्ग, 1897-1907 व्हिएन्ना, 1908 पासून न्यूयॉर्क. लाइपझिगला त्याच्या वर आर्थर निकिश होता. 1887 मध्ये निकिश आजारी पडला आणि जर्मन संगीतकार वाग्नरच्या मोठ्या ऑपेरांचं काम तरुण माहलरवर आलं. एकामागून एक ठिकाणी मोठी जबाबदारी मिळत गेली. भांडणंही झाली, कारण तालमीत तो कुणाला सूट देत नसे.

व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेरात ज्यू माणसाची नेमणूक होणं त्या काळी जवळपास अशक्य होतं. 23 फेब्रुवारी 1897 रोजी हॅम्बुर्गला त्याने कॅथलिक पंथाचा बाप्तिस्मा घेतला. 11 मे रोजी व्हिएन्नात वाग्नरचा ‘लोहेनग्रिन’ हा ऑपेरा कंडक्ट करून सुरुवात केली, ऑक्टोबरात संचालक झाला. तिथे काय बदललं ते जरूर सांगा. उशिरा येणाऱ्यांना चालू प्रयोगात आत सोडणं बंद झालं. पैसे घेऊन टाळ्या वाजवणाऱ्यांची फौज हटवली. वाग्नरच्या ऑपेरांना लावलेली कात्री काढून ते पूर्ण होऊ लागले. 1903 पासून आल्फ्रेड रोलर या चित्रकाराबरोबर नेपथ्य आणि प्रकाशाची नवी मांडणी सुरू झाली.

आता ‘कधी आणि कशा’. सप्टेंबर ते जून ऑपेरा, तालमी, गायकांची भांडणं, हिशेब. जुलै-ऑगस्टमध्ये तळ्याकाठी किंवा डोंगरात एक लहानशी खोली. आधी श्टाइनबाख (1893-96, दुसरी आणि तिसरी सिम्फनी), मग मायरनिग (1900-07, चौथीचा शेवट आणि पाचवी ते आठवी), शेवटी टोब्लाख (1908-10). उन्हाळ्यात मोजक्या ओळींवर आराखडा व्हायचा: मुख्य सूर, स्वरसंगती, कुठलं वाद्य याच्या खुणा. हिवाळ्यात सकाळी ऑफिसला जाण्याआधी त्याचा पूर्ण स्कोअर लिहून काढायचा. मग तालमीत ऐकून दुरुस्ती, आणि छापून झाल्यावरही दुरुस्ती. एकाच रचनेच्या दोन-तीन छापील आवृत्त्या वेगळ्या का, याचं उत्तर हे आहे.

1907 हे मोडतं वर्ष. व्हिएन्नातून राजीनामा, 12 जुलै रोजी थोरल्या मुलीचा मृत्यू, आणि लगेच स्वतःच्या हृदयातला दोष कळला. 1 जानेवारी 1908 रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात पहिला प्रयोग, 1909 पासून न्यूयॉर्क फिलहार्मोनिकची सूत्रं. 21 फेब्रुवारी 1911 चा कार्नेगी हॉलमधला कार्यक्रम शेवटचा. आधीच खराब असलेल्या हृदयाच्या झडपांना जंतुसंसर्ग झाला होता. रक्ताच्या तपासणीत जंतू सापडले, पण प्रतिजैविकं अजून यायची होती, त्यामुळे निदान होऊनही इलाज नव्हता. 18 मे 1911 रोजी व्हिएन्नात मृत्यू. ग्रिन्झिंगच्या दफनभूमीत, मुलीशेजारी.

खर्ज

पूर्वरंग यांनी पाया घातलाच आहे, मी तुकडे सांगतो.

सुरुवात पहिल्या सिम्फनीच्या पहिल्या चार मिनिटांनी करा. सगळी तंतुवाद्यं ‘ए’ हा एकच स्वर सात सप्तकांत धरून बसतात, अगदी हळू. ख्याल ऐकणारा कान याला लगेच तानपुऱ्याचा षड्ज मानेल, आणि तसं मानू द्या. पण तो षड्ज नाही. सिम्फनी ‘डी’ मेजरमध्ये आहे, म्हणजे तिचा षड्ज ‘डी’. चेलोंवर (व्हायोलिनच्याच जातीच्या, खालच्या पट्टीच्या वाद्यांवर) मुख्य धून येते तेव्हा इतका वेळ भरून राहिलेला स्वर पंचम होता हे उलगडतं. तो क्षण आधी सांगू नका, ऐकवून झाल्यावर विचारा. तुमच्या श्रोत्यांना हे पाश्चात्त्यांपेक्षा लवकर कळेल असं माझं ठाम मत आहे.

इथेच कंडक्टरचा कानही दाखवता येतो. 20 नोव्हेंबर 1889 रोजी बुडापेस्टला पहिला प्रयोग झाला तेव्हा हा ‘ए’ साध्या पद्धतीने वाजला आणि माहलरला फार भरीव, जड वाटला. हवा होता तरंगणारा, झिरझिरीत आवाज. त्याने तारा दाबून न धरता नुसत्या स्पर्शाने वाजणारे हार्मोनिक्स लिहिले. नंतरच्या प्रयोगांत एक संपूर्ण मूव्हमेंट (सिम्फनीचा एक स्वतंत्र भाग) काढून टाकली आणि पाचाच्या चार झाल्या. त्याच चार मिनिटांत रंगमंचामागून ट्रम्पेट ऐकू येतात. स्कोअरमध्ये ते खूप दूर असल्याची सूचना आहे. ही नाट्यगृहातली युक्ती थेट सिम्फनीत आली.

त्याआधी की नंतर, एक गाणं लावा. कासलच्या काळात, 1883 ते 85 दरम्यान, योहाना रिश्टर या गायिकेवरच्या प्रेमातून त्याने स्वतःच्या शब्दांवर चार गाणी केली. त्यातलं दुसरं (सकाळी शेतातून चालताना), चारेक मिनिटांचं. चेलोंवर येणारी धून तीच. गाणं आधी ऐकवलं तर सिम्फनीत धून ओळखल्याचा आनंद श्रोत्यांना मिळतो. मी गाणं आधी घेईन.

मग तिसरी मूव्हमेंट पूर्ण, साधारण 10-11 मिनिटं. हळू वाजणारे टिंपनी (नगाऱ्यांसारखी तालवाद्यं), त्यावर एकटा डबल बेस ‘फ्रेर जाक’ ही मुलांची धून मायनरमध्ये (कोमल गांधाराच्या सुरावटीत) वाजवतो. डबल बेस इतक्या वरच्या पट्टीत सहसा वाजत नाही, आवाज नाकातून आल्यासारखा, ताणलेला येतो, आणि माहलरला तोच हवा होता. मग बसून हे फुंकवाद्य, चेलो, ट्यूबा एकेक करून तीच धून आपापल्या वेळी उचलतात. थोड्या वेळाने लग्नाच्या बँडसारखं काहीतरी घुसतं. इथे स्कोअरमध्ये ‘विडंबनासह’ अशी सूचना आहे. मधल्या शांत भागात वर सांगितलेल्या चार गाण्यांपैकी शेवटच्याची धून येते.

दुसऱ्या सिम्फनीची शेवटची मूव्हमेंट 33-35 मिनिटांची आहे, तेवढा वेळ नाही. कोरस येण्याच्या तीन-चार मिनिटं आधीपासून लावा: मंचावर बासरी आणि पिकोलो पक्ष्यांसारखे, मंचाबाहेरून हॉर्न आणि ट्रम्पेट. मग कोरस इतक्या हळू आवाजात सुरू होतो की कुठल्या क्षणी सुरू झाला ते सांगता येऊ नये. तिथून शेवटपर्यंत 14-15 मिनिटं. ही मूव्हमेंट अनेक वर्षं अडली होती. मार्च 1894 मध्ये हॅम्बुर्गला हान्स फॉन ब्यूलो या कंडक्टरच्या अंत्यविधीत क्लॉपश्टॉक या कवीचं पुनरुत्थानाचं स्तोत्र कानी पडलं आणि मार्ग सापडला. पहिली दोन कडवी क्लॉपश्टॉकची, पुढचे शब्द माहलरचे. मराठी सारांश छापून वाटा, शब्दांशिवाय हा भाग अर्धाच पोहोचतो.

ध्वनिमुद्रण झुबिन मेहतांचं घ्या: व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर, 1975 चं, इलेआना कोत्रुबास आणि क्रिस्टा लुडविग यांच्या आवाजात. मुंबईत जन्मलेला कंडक्टर, व्हिएन्नात हान्स स्वारोव्स्कीकडे शिकलेला. ओढूनताणून आणलेला संबंध नाही हा.

द्रुतलय

दंतकथांबद्दल विचारलंय म्हणून तेवढंच लिहितो.

‘मुलगी गेल्यावर मृत मुलांची गाणी लिहिली’ हे सर्रास वाचायला मिळतं आणि चूक आहे. र्‍यूकर्टच्या कवितांवरच्या त्या पाच गाण्यांपैकी तीन 1901 ची आहेत, लग्नाच्याही आधीची. लग्न 9 मार्च 1902 चं. उरलेली दोन 1904 ची, पहिला प्रयोग 29 जानेवारी 1905. मुलगी 1907 मध्ये गेली. कारण शोधायचंच तर त्याच्या भावंडांकडे बघा. चौदा भावंडांपैकी कितीतरी लहानपणीच गेली, आणि लाडका भाऊ अर्न्स्ट 1875 मध्ये.

सहाव्या सिम्फनीतल्या हातोड्याच्या घावांचं तेच. 1907 च्या तीन आघातांचं भाकीत म्हणून ते सांगितलं जातं. रचना 1903-04 ची, पहिला प्रयोग एसेनला 27 मे 1906 रोजी. अर्थ मागाहून चिकटवला गेला. शेवटच्या मूव्हमेंटमध्ये आधी तीन घाव होते, तिसरा त्याने काढला. राहिलेले दोन 336 आणि 479 या बारमध्ये (बार म्हणजे स्वरलिपीतला ठरावीक मात्रांचा एक खण), काढलेला 783 मध्ये. स्कोअरची मागणी अशी: आखूड, जोरदार, पण बोथट आवाज, धातूचा नको, कुऱ्हाडीच्या घावासारखा. असं तयार वाद्य बाजारात मिळत नाही, त्यामुळे बहुतेक वाद्यवृंद पोकळ लाकडी पेटी किंवा चौथरा बनवून त्यावर मोठा लाकडी हातोडा मारतात. पेटी लहान झाली तर आवाज खणखणीत होऊन वाया जातो. मोठी असूनही त्याच क्षणी बास ड्रम आणि टिंपनी जोरात आले तर घाव दिसतो, ऐकू येत नाही. स्पीकरवर हे आणखी कठीण, म्हणून ध्वनिमुद्रणापेक्षा चित्रफीत दाखवा.

याच सिम्फनीच्या मधल्या दोन मूव्हमेंटच्या क्रमावर वाद आहे. छापताना स्केर्त्सो (जलद मूव्हमेंट) आधी होता, पण पहिल्या प्रयोगापासून माहलरने स्वतः प्रत्येक वेळी आंदान्ते (संथ मूव्हमेंट) आधी घेतला. 1963 च्या आवृत्तीने उलटा क्रम ठरवला, 2003 मध्ये माहलर संस्थेने आंदान्ते आधी हे मान्य केलं. दोन्ही क्रमांची ध्वनिमुद्रणं मिळतात, मूव्हमेंटचा क्रमांक सांगण्याआधी मुखपृष्ठ तपासा.

आणि ‘हजारांची सिम्फनी’ हे आठवीचं नाव एमिल गुटमान या आयोजकाने जाहिरातीसाठी दिलं, माहलरने नाही. 12 सप्टेंबर 1910 रोजी म्युनिकला मात्र खरोखरच हजारावर कलावंत होते: 858 गायक, 171 वादक. व्हिएन्ना, लाइपझिग आणि म्युनिकच्या कोरसांनी आपापल्या गावी आधी तयारी केली, मग सगळे एकत्र आले. संयोजन म्हणून हे बघण्यासारखं आहे.

सूरपेटी

खूप उपयोगी. दोन शंका उरल्या. तो स्वतः कसा वाजवून घ्यायचा याचा काही ऐकण्याजोगा पुरावा आहे का? आणि पाचव्या सिम्फनीतली अदाजेत्तो ही संथ मूव्हमेंट घ्यावी म्हणतो, पण एका ठिकाणी ती आठ मिनिटांची दिसते, दुसरीकडे बारा. बरोबर कुठली?

मंद्रसप्तक

कंडक्टर माहलरचं ध्वनिमुद्रण नाही. आहेत त्या पियानोच्या चार कागदी गुंडाळ्या (छिद्रं पाडलेला कागद, यंत्रात घातला की पियानो आपोआप वाजतो): 9 नोव्हेंबर 1905, लाइपझिग, वेल्टे-मिन्योन कंपनी. त्यात पाचवीची पहिली मूव्हमेंट, चौथीची शेवटची, आणि दोन गाणी. खर्ज यांनी सुचवलेलं शेतातलं गाणं त्यांपैकी एक, त्यामुळे ते जरूर ऐकवा. फक्त एक सावधगिरी: गुंडाळीची गती आज चालवणाऱ्या यंत्रावर अवलंबून असते. लयीतले लवचिक चढउतार ऐका, पण घड्याळ लावून निष्कर्ष काढू नका.

दुसरा पुरावा माणसांचा. कंडक्टर ब्रूनो वॉल्टर हॅम्बुर्ग आणि व्हिएन्नात त्याच्या हाताखाली होता. डच कंडक्टर विलेम मेंगेलबर्गने माहलरला अॅमस्टरडॅमला बोलावलं, आणि ऑक्टोबर 1904 मध्ये तिथे एकाच संध्याकाळी माहलरने चौथी सिम्फनी दोनदा वाजवून घेतली, म्हणजे लोकांना ती कळावी. मेंगेलबर्गची 1926 ची अदाजेत्तो सुमारे सात मिनिटांची आहे, वॉल्टरची 1938 ची आठच्या आसपास. दहा-बारा मिनिटांची पद्धत पुढे रुजली. स्कोअरमध्ये ‘अतिशय संथ’ लिहिलंय हे खरं, पण त्याच पानांवर गती पुढे नेण्याच्या सूचनाही आहेत, आणि बारा मिनिटांत त्या बुजतात. शिवाय फक्त तंतुवाद्यं आणि एक हार्प आहे. लय फार खाली गेली की हार्पचे स्वर विझून जातात आणि धून अधांतरी राहते. मी वॉल्टर घेईन. जुन्या मुद्रणाची खरखर आधीच सांगून टाका.

माहलरने मेट्रोनोमचे (लय मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे हळूहळू जवळपास सोडूनच दिले आणि त्याऐवजी ‘घाई नको’, ‘रेंगाळू नका’ असं लिहिलं. कुठे वादक घाई करतात हे रोज तालमीत बघणाऱ्याच्याच या सूचना आहेत. चौथीच्या दुसऱ्या मूव्हमेंटमध्ये पहिल्या व्हायोलिनवादकाला चारही तारा एक स्वर चढवून लावायला सांगितलंय, म्हणजे आवाज कर्कश, गावठी फिडलसारखा येईल. प्रत्यक्षात वादक शेजारी दुसरं व्हायोलिन तयार ठेवतो, कारण मध्येच तारा चढवल्या-उतरवल्या तर त्या स्थिर राहत नाहीत.

बैठकीचंही सांगा. त्या काळी पहिली व्हायोलिन डावीकडे आणि दुसरी उजवीकडे बसत. नवव्या सिम्फनीची धून दुसरी व्हायोलिन सुरू करतात, मग पहिली येतात. दोन्ही एकाच बाजूला बसवली की हा संवाद सपाट होतो. कंडक्टर राफाएल कुबेलिकच्या बव्हेरियन रेडिओ वाद्यवृंदाबरोबरच्या संचात जुनी बैठक आहे, दोन स्पीकरवर फरक स्पष्ट कळतो.

इतरांच्या रचनांवरही हा कंडक्टर हात चालवायचा. 1900 मध्ये बेथोव्हेनच्या नवव्या सिम्फनीत त्याने वाद्यं वाढवली आणि व्हिएन्नात गदारोळ झाला, इतका की पत्रक छापून वाटावं लागलं. युक्तिवाद असा: बेथोव्हेनच्या काळातल्या हॉर्न-ट्रम्पेटना झडपा नव्हत्या, मोजकेच स्वर निघत, त्यामुळे धून मध्येच सोडावी लागे; आणि पुढे तंतुवाद्यांची संख्या वाढल्यावर लाकडी फुंकवाद्यं बुडू लागली. आजच्या कानाला काही बदल पटतात, काही अति वाटतात, पण त्यामागचं कारण भक्कम होतं.

खर्ज

शेवट माहलरच्या ‘पृथ्वीचं गीत’च्या निरोपाच्या भागाने करा, अखेरची पाच-सहा मिनिटं. हान्स बेथगेने जर्मनमध्ये आणलेल्या चिनी कवितांवर आधारलेली रचना, सुरुवात टोब्लाखला 1908 मध्ये. पहिला प्रयोग वॉल्टरने म्युनिकला 20 नोव्हेंबर 1911 रोजी केला, माहलर गेल्यानंतर सहा महिन्यांनी. सेलेस्टा (नाजूक घंट्यांसारखं वाजणारं पट्ट्यांचं वाद्य), हार्प, मँडोलिन, आणि गायिका एकच शब्द पुन्हा पुन्हा. शेवटच्या स्वरसंगतीत ‘सी’ मेजरचे तीन स्वर आणि त्यांच्याबरोबर ‘ए’, म्हणजे सा-ग-प मध्ये मिसळलेला धैवत. गायिका षड्जावर येतच नाही, रिषभावर थांबते.

द्रुतलय

आवाजाबद्दल, कारण सत्र इथेच बिघडतं. पहिल्या सिम्फनीची सुरुवात ऐकू येत नाही म्हणून लोक आवाज वाढवतात आणि पुढे ब्रास (पितळी फुंकवाद्यं) आल्यावर दचकतात. उलटं करा. आदल्या दिवशी त्याच खोलीत दुसरीच्या शेवटची दोन मिनिटं लावून सहन होईल तितका आवाज ठरवा, खूण करा आणि सत्रभर हात लावू नका. लॅपटॉपमधलं आवाज समान करणारं सेटिंग बंद ठेवा, नाहीतर दुरून येणारा ट्रम्पेट जवळ येऊन बसतो. पंखे बंद करता येत नसतील तर सुरुवातीच्या चार मिनिटांपुरते तरी करा.

वेळेचा हिशेब: गाणं 4, पहिलीची सुरुवात 4, तिसरी मूव्हमेंट 11, दुसरीचा शेवट 18, अदाजेत्तो 8, निरोप 6. एकूण 51 मिनिटं. बोलायला 39 उरतात आणि ती पटकन संपतात, म्हणून नोकऱ्यांची यादी वाचू नका, फळ्यावर ठेवा. स्कोअरची पानं दाखवायची असतील तर आयएमएसएलपी या स्वरलिपींच्या संकेतस्थळावर जुन्या आवृत्त्या मोफत आहेत. पहिलीचं पहिलं पान आणि सहावीतला 336 वा बार, एवढी दोन पुरेत.